एपीआय फ्रेशवॉटर मास्टर टेस्ट किट: सात-आठ महिने वापरल्यानंतर

पुण्यात आमच्या सोसायटीला महापालिकेचं पाणी येतं, पण उन्हाळ्यात ते पुरत नाही. मग बोअर चालू होतं, टँकर येतात आणि सगळं एकाच टाकीत पडतं. आज नळाला नेमकं कोणतं पाणी आहे हे दिसून कळत नाही. माझा फिशटँक सुमारे 80 लिटरचा आहे. त्यात एंजल, निऑन टेट्रा आणि तळाशी कोरी असे मासे. एपीआय कंपनीचं हे किट घेतलं होतं टँकमधलं पाणी तपासायला. त्याचा सगळ्यात मोठा फायदा झाला तो टँकमध्ये ओतायच्या आधी बादलीतलं पाणी तपासण्यात.

किटमध्ये पीएच (पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी), हाय रेंज पीएच, अमोनिया, नायट्राइट आणि नायट्रेट एवढ्या चाचण्या आहेत. माशांच्या घाणीतून अमोनिया होतो; जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. काचेच्या नळीत 5 मिली पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, थांबायचं आणि रंग तक्त्याशी जुळवायचा. रंग दिवसाउजेडी खिडकीपाशीच बघा. रात्री ट्यूबलाइटखाली अमोनियाचा पिवळा रंग हिरवट वाटतो आणि उगाच जीव घाबरा होतो.

उन्हाळ्यातला अनुभव सविस्तर सांगतो. पावसाळ्यात आमच्या नळाचा पीएच 7.4 च्या आसपास येत होता. एप्रिलमध्ये तोच 8.2 झाला, आणि बादलीत एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) सोडून रात्रभर ठेवल्यावर आणखी थोडा चढला. बोअरच्या पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड उडून गेला की असं होतं. म्हणून नळाखालचा ताजा आकडा धरू नका, दुसऱ्या दिवशीचा धरा. हे महत्त्वाचं का, तर किट जो अमोनिया दाखवतं तो एकूण असतो. त्यातला विषारी भाग पीएचवर ठरतो: 25 अंश तापमानाला पीएच 7 असेल तर जेमतेम अर्धा टक्का, पीएच 8 असेल तर पाच टक्क्यांच्या वर. म्हणजे टँकमध्ये थोडा अमोनिया साचलेला असताना वरून असं पाणी अर्ध्या टँकभर ओतलं, तर अमोनियाचा आकडा कमी होऊनही मासे जास्त त्रासात पडू शकतात. लोक म्हणतात, ‘पाणी बदललं आणि दुसऱ्या दिवशी मासे गेले’. त्यामागे क्लोरीन असतं तसं कित्येकदा हेही असतं. उन्हाळाभर मी आठवड्यातून दोनदा दहा-पंधरा टक्केच पाणी बदललं, अँटीक्लोरीन टाकून, सावकाश ओतून. एंजल एकदाही पंख मिटून कोपऱ्यात बसले नाहीत.

नायट्राइटची बाटली टँक नवा असताना रोज लागते. टँक मुरला, म्हणजे त्यात पुरेसे जिवाणू वाढले, की तिचा रंग आकाशी निळाच राहतो. मग फिल्टर धुतल्यावर किंवा नवे मासे आणल्यावर बघितलं तरी पुरे.

नायट्रेटची चाचणी मात्र नीट करावी लागते. तिची दुसरी बाटली अर्धा मिनिट जोरात हलवायची आणि नंतर नळी पूर्ण एक मिनिट हलवायची. बाटलीत तळाला बसलेला भाग मिसळला नाही तर आकडा खोटा कमी येतो आणि पाणी बदलायची गरजच नाही असं वाटतं. तक्त्यावरचे 40 आणि 80 पीपीएमचे लाल रंग मला वेगळे ओळखता येत नाहीत. त्यावर उपाय आहे: इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी मिळतं ते डिस्टिल्ड वॉटर निम्मं मिसळून तपासायचं आणि आलेला आकडा दुप्पट करायचा. किती टक्के पाणी बदलायचं हे आता मी याच आकड्यावरून ठरवतो. 20 च्या आत असेल तर थोडं, 40 कडे गेला तर तिसरा हिस्सा. ‘महिन्यातून एकदा सगळं पाणी काढून टँक घासून घ्या’ हा दुकानात हमखास मिळणारा सल्ला कृपया ऐकू नका. अमोनिया खाणारे जिवाणू स्पंजवर आणि खडीत राहतात. नळाच्या क्लोरीनच्या पाण्याखाली स्पंज धुतला तर ते मरतात. टँकमधून काढलेल्याच पाण्यात तो पिळा.

नायट्रेटला दर वेळी वीस थेंब जातात, त्यामुळे त्या बाटल्या सगळ्यात आधी संपतात; त्या सुट्याही मिळतात.

एक चाचणी या किटमध्ये नाही आणि पुण्यात ती हवीच: केएच, म्हणजे पीएच स्थिर ठेवणाऱ्या कार्बोनेट क्षारांचं प्रमाण. महापालिकेचं धरणाचं पाणी मऊ असतं. आमच्याकडे पावसाळ्यात केएच 3 अंश आला. जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करताना केएच खर्च होत जातो आणि तो संपत आला की पीएच एकदम खाली येतो. मी केएच-जीएचचं (जीएच म्हणजे पाण्याचा एकूण जडपणा) किट वेगळं घेतलं. केएचला रंग निळ्याचा पिवळा होईपर्यंत थेंब मोजायचे, जितके थेंब तितके अंश. धरणाच्या पाण्यावर टँक चालत असेल आणि दोन्ही किटं एकदम परवडत नसतील, तर आधी केएच आणि नायट्रेट घ्या. टँक नवा असेल तर मात्र सुरुवात अमोनिया आणि नायट्राइटनेच करा.