गरम पाण्याची टाकी: आंबा-पपईच्या हंगामानंतरचा अनुभव

काढताना स्वच्छ दिसणारा आंबा पिकताना काळा का पडतो, हे कळल्यावर मी फळं गरम पाण्यात बुडवायची ही टाकी घेतली. करपा या रोगाची बुरशी फळ कोवळं असतानाच, पावसात, सालीत शिरून बसलेली असते. फळ पिकायला लागलं की तिला मोकळं रान मिळतं. गरम पाणी या दडलेल्या बुरशीवर चालतं. काही महिन्यांच्या वापरानंतर एवढं नक्की सांगतो की पिकताना नासणारा माल डोळ्यांना दिसेल इतका कमी झाला.

आंब्याला ५२ अंश सेल्सिअस, ५ ते १० मिनिटं. पपईला ४९ अंश, २० मिनिटं. तापमान उतरलं तर बुरशी जगते, चढलं तर साल भाजते. म्हणूनच टाकी घेताना हीटरपेक्षा पाणी फिरवणारा पंप बघा. गार फळांचा क्रेट बुडाला की पाण्याचं तापमान लगेच उतरतं, आणि पंप कमजोर असेल तर वर गरम, तळाला कोमट अशी गत होते. माझ्या टाकीवरचा आकडा एका कोपऱ्यातल्या पाण्याचा आहे. मी वेगळा थर्मामीटर क्रेटच्या मधोमध, फळांच्या फटीत धरतो आणि घड्याळ तिथे ५२ दिसल्यावरच लावतो. क्रेट गच्च भरत नाही.

टाकीतून काढलं की लगेच स्वच्छ गार पाण्यात, मग पंख्याखाली पूर्ण कोरडं. गार पाणी मळकट ठेवलंत तर नवी बुरशी तुम्हीच लावताय.

विकणाऱ्याने 'फळमाशीही मरते' असं छातीठोक सांगितलं होतं. ते चूक आहे. ५-१० मिनिटांत गरातल्या अळीपर्यंत उष्णता पोचतच नाही. त्यासाठी सुमारे ४६ अंशांच्या पाण्यात तासाहून जास्त वेळ लागतो, फळाच्या आकारानुसार. ती प्रक्रियाच वेगळी. विकणाऱ्याचं ऐकून टाकी घेणाऱ्यांचं फार नुकसान होईल, म्हणून मुद्दाम लिहितोय.

देठकूज, म्हणजे देठाकडून सुरू होणारी कूज, थोडी कमी झाली, गेली नाही. आपटलेलं फळ यातून सुधारत नाही, आणि कोवळ्या आंब्याच्या सालीवर डाग पडतात. देठ ठेवून तोडणं, चीक निथळू देणं हे आधी करावंच लागतं. नंतर कच्चा आंबा १२-१३ अंशांखाली ठेवू नका. थंडीने साल खराब होते आणि कूज पुन्हा डोकं वर काढते.

हीटरवर क्षार चढतात, ते नियमित काढावे लागतात. पंप मात्र एक जादा घेऊन ठेवलाय. ऐन हंगामात तो बंद पडला तर काढलेला माल तसाच पडून राहील.