ट्रॅक मोड लावताना आधी लेन बघा: जीपीएस घड्याळाचा चार महिन्यांचा अनुभव

चार महिने हे घड्याळ रोज मनगटावर आहे. रस्त्यावरच्या लांब धावांना ते चोख आहे, त्याबद्दल फार लिहीत नाही. लिहायचंय ते ट्रॅक मोडबद्दल, म्हणजे मैदानातल्या ट्रॅकवर निवडलेल्या लेनप्रमाणे अंतर मोजणाऱ्या सोयीबद्दल, कारण त्यापायी मी मॅरेथॉनचा नाद सोडायला निघाले होते.

माझं लक्ष्य ३ तास ५० मिनिटांचं. त्या दिवशी यासो ८०० हा सराव होता, म्हणजे मॅरेथॉनच्या लक्ष्यातले तास-मिनिटं हेच मिनिटं-सेकंद धरून ८०० मीटर ३ मिनिटं ५० सेकंदांत, असे दहा. पहिले तीन ३:५०, ३:५१, ३:५० असे आले, पण तेव्हाच छातीचा भाता झाला होता. चौथा ३:५५, पाचवा ४:०१, सहावा ४:०९. सातव्यात दुसऱ्या वळणावर पाय उचलेचनात. कडेला बसले, नाड्या सोडल्या, आणि घड्याळावर 'कामगिरीत घसरण' असं उमटलं. शर्यत सहा आठवड्यांवर असताना हे वाचून फार लागलं.

दोन दिवस बूट घातले नाहीत. तिसऱ्या दिवशी एकेक लॅप उघडून बघत होते, तर कोपऱ्यात बारीक अक्षरात 'लेन १' दिसलं. आत चालणाऱ्यांची गर्दी असल्यामुळे मी धावले होते लेन ४ मध्ये! ४०० मीटर भरतात ते फक्त पहिल्या लेनमध्ये. चौथीत एक फेरी सुमारे ४२२ मीटरची होते. म्हणजे ज्याला मी ८०० समजत होते, ते जवळपास ८४५ होतं. त्या हिशेबानं माझे पहिले तीन ८०० साधारण ३:३८ चे झाले. दमणारच होते मी. सगळा दोष लेनचा नाही, आदल्या रात्री झोप जेमतेम पाच तास झाली होती. पण 'आपल्यात दमच नाही' हे जे मनात बसलं होतं, ते त्या आकड्यानं उतरलं.

माझी खरी तक्रार हीच: घड्याळ मागच्या वेळची लेन न विचारता धरतं, आणि ती बदलायला मेनूत बरंच आत जावं लागतं. सुरू करतानाच विचारायला हवं. मनगटावरची हृदयगतीही छोट्या रिपीट्समध्ये, म्हणजे अशा पुन्हा पुन्हा मारायच्या वेगवान धावांमध्ये, मागे राहते. मी थांबून श्वास घेत असते आणि आकडा वर चढत असतो. त्यासाठी छातीचा पट्टाच बरा. लॅपचं बटण मात्र घामेजल्या बोटांनीही पहिल्या दाबात लागतं, आणि प्रत्येक लॅपची नोंद राहते. त्या नोंदीसाठी मी हे घड्याळ पुन्हा घेईन. 'घसरण'वाला निरोप सेटिंगमधून बंद करून टाकलाय.

पुढच्या मंगळवारी घड्याळात लेन ४ भरली, ८०० पूर्ण झाल्याची शिट्टी रेषेच्या बरीच अलीकडे वाजली. आठ झाले, आठवा ३:४९. नववा मी घेतला नाही.