सोसायटीची ड्रेनेज लाइन: वर्षाचं कंत्राट, की तुंबलं की बोलवा?

पाण्याच्या बिलात मलनिःसारण आकाराची एक ओळ असते आणि दर वार्षिक सभेत कोणीतरी त्या ओळीवर बोट ठेवतं. ‘महापालिकेला हे भरतोच, मग गटार साफ करायला परत सोसायटीने का द्यायचे?’ प्रश्न रास्त आहे. पण त्या पैशांची हद्द कंपाउंडच्या भिंतीला संपते. रस्त्याच्या लाइनला जुळण्याआधी आपल्या आवारात जे शेवटचं चेंबर असतं, त्याला प्रॉपर्टी चेंबर म्हणतात. तिथपर्यंतचे पाइप, गली ट्रॅप (न्हाणी-स्वयंपाकघराचं पाणी घेऊन गटाराचा वास अडवणारे), चेंबरं, झाकणं सगळी सोसायटीची. पुढची महापालिकेची.

पुढचं किती पडतं, तेही एकदा मांडून बघा. चाळीस फ्लॅट, घरटी साडेचार माणसं, माणशी १३५ लिटर, म्हणजे महिन्याला साधारण ७२९ हजार लिटर पाणी. मुंबई महापालिकेचा जून २०२२ मध्ये लागू झालेला ६.३६ रुपये प्रतिहजार लिटरचा दर धरला तर पाण्याचे ४,६३६ रुपये, आणि मलनिःसारण आकार त्याच्या ७० टक्के, म्हणजे ३,२४५. फ्लॅटमागे महिन्याला ८१ रुपये. (माणशी वापर दीडशे लिटरच्या वर गेला की दर टप्प्याटप्प्याने चढतो, तो हिशेब वेगळा.) या ८१ रुपयांत रस्त्याखालची लाइन, पंपिंग स्टेशन, प्रक्रिया केंद्र, वरळी-वांद्र्याला समुद्रात तीन किलोमीटरहून लांब नेलेले पाइप, सगळं आलं. त्यात आपल्या जिन्यामागचं चेंबरही उपसून मिळावं, ही अपेक्षा जरा जास्तच.

तेव्हा आतल्या लाइनचा खर्च सोसायटीचाच, आणि तो करायच्या दोन रीती. एक, तुंबलं की माणूस बोलवायचा आणि त्या खेपेचे पैसे द्यायचे. दुसरी, वर्षाचं कंत्राट देऊन ठरलेल्या फेऱ्या करून घ्यायच्या.

पहिल्या रीतीची बाजू कमकुवत नाही. बारा-सोळा फ्लॅटची इमारत असेल, चार-पाच चेंबरं, पाइप नवे पीव्हीसीचे आणि उतार नीट असेल, तर वर्षात एखादं चोकअप होतं. त्यासाठी कंत्राट म्हणजे घरात एक मांजर म्हणून दुधाचा रतीब. १५० मिलिमीटरच्या पाइपला साठास एक उतार लागतो, म्हणजे दहा मीटरला सुमारे १७ सेंटिमीटर. एवढा उतार मिळाला असेल तर लाइन स्वतःच वाहती राहते. पुनर्विकासाचं घाटत असलेल्या सोसायटीनेही वर्षभराला बांधून घेऊ नये.

अडचण सुरू होते ती बोलावलेल्या माणसाच्या भावात. भाव ‘खोलून देण्याचा’ असतो, साफ करण्याचा नसतो. तो वरच्या चेंबरातून बांबूच्या कामट्या एकात एक अडकवून पाइपात सारतो, अडलेलं पुढे ढकलतो, पाणी घळघळ उतरतं, सगळे सुटकेचा श्वास सोडतात. पाइपाच्या आतल्या अंगाला बसलेला तेलातुपाचा थर तसाच राहतो, कामटीने त्यात फक्त मुठीएवढं भोक पाडलेलं असतं. त्या भोकाशी पुढचा काथ्या, पुढचं सॅनिटरी पॅड, ‘फ्लश करता येतं’ म्हणून विकलेलं वाइप अडकलं की पंधरा दिवसांत परत तेच. ढकललेला गोळा पुढच्या चेंबरात निघाला तर ठीक. नाहीतर तो प्रॉपर्टी चेंबरातल्या इंटरसेप्टर ट्रॅपमध्ये, म्हणजे रस्त्याच्या लाइनमधला वायू अडवणाऱ्या वाकात, जाऊन बसतो. जुन्या इमारतींत तो हमखास असतो आणि त्याचं बूच हमखास हरवलेलं असतं.

कंत्राटवाला बहुधा जेटिंग मशीन, म्हणजे जोराच्या दाबाने पाणी मारणारं यंत्र, आणतो. ते वापरायची योग्य पद्धत उलटी आहे: खालच्या, म्हणजे रस्त्याकडच्या चेंबरातून होज वर इमारतीकडे सोडायचा. नोझलच्या मागच्या छिद्रांतून पाणी सुटतं, त्याच जोरावर तो पुढे सरकतो, आणि होज मागे ओढताना खरवडलेला थर खालच्या चेंबरात येऊन पडतो. तिथून तो उपसायचा. वरून खाली जेटिंग करणारा मनुष्य मशीनची कामटी करतोय, इतकंच. होज साठ मीटरचा असेल तर गाडी गेटाबाहेर उभी करूनही मागच्या हाऊस गल्लीपर्यंत (इमारतीमागच्या ड्रेनेजच्या बोळापर्यंत) काम होतं. दोन गोष्टींवर जेटिंगचा इलाज चालत नाही. एक, नूतनीकरण चालू असलेल्या फ्लॅटमधून मिस्त्रीने संडासात ओतलेलं सिमेंटचं पाणी. ते बेंडात गोठलं की तो तुकडा खोदूनच बदलावा लागतो. दुसरं, पिंपळाची मुळं सांध्यातून आत शिरलेले जुने चिनी मातीचे पाइप. तिथे पूर्ण दाब लावला तर सांध्याबाहेरची माती वाहून जाते आणि लाइन खचते. अशा लाइनवर दाब कमी ठेवायला सांगा. न सांगता ठेवणारे कमी.

कंत्राटाचे दोषही सांगायला हवेत, कारण ते नेमके आहेत. चेंबरमागे भाव ठरवलात तर चेंबरं साफ होतात आणि मधले पाइप राहतात. फावड्याने वरचा गाळ काढायचा, झाकण लावायचं, भोवती पांढऱ्या पावडरीची रांगोळी घालायची, सही घ्यायची. भाव म्हणूनच लाइनच्या मीटरवर ठरवा. दुसरं म्हणजे मे महिन्याचा शेवटचा आठवडा. सगळ्या सोसायट्यांना तेव्हाच सफाई हवी असते, आणि वर्षाचे पैसे आगाऊ दिलेले असतील तर तुमचा नंबर शेवटी लागतो. फेरी झाल्यावर तिमाही पैसे द्या, पहिली फेरी मेच्या पहिल्या पंधरवड्यात लिहून घ्या. गणपतीच्या आधी दुसरी, मग दिवाळीनंतर आणि फेब्रुवारीत, अशा चार फेऱ्या चाळीस फ्लॅटना पुरतात. मधल्या चोकअपला किती तासांत येणार, तेही लिहिलेलं असावं.

साफ झालं की नाही हे वासावरून किंवा सहीवरून कळत नाही. एका चेंबरात पाइपाच्या तोंडाशी टॉर्च धरायचा, पुढच्या चेंबरात आरसा तिरका धरून आत बघायचं. प्रकाशाचा पूर्ण गोल दिसला तर पाइप मोकळा आणि सरळ. अर्धचंद्र दिसला तर खाली गाळ आहे किंवा लाइन मध्ये खचली आहे. काहीच दिसलं नाही तर पावडर छान आहे म्हणा आणि बिल अडवा.

पैशांचं म्हणाल तर कागदावर बोलावण्याची रीत स्वस्तच दिसते. सोयीसाठी आकडे धरू: खेपेला ४,००० आणि वर्षात पाच खेपा, म्हणजे २०,०००, कंत्राट ४८,०००. दुसरा आकडा सभेत वाचला की कपाळाला आठ्या पडतात. पण ४८,००० म्हणजे चाळीस फ्लॅटना महिन्याला शंभर रुपये, आणि ते सेवा शुल्कात धरले तर आदर्श उपविधींप्रमाणे सगळ्यांवर सारखे वाटले जातात. पाचव्या मजल्यावाल्याने ‘माझ्याकडे कुठे तुंबतं’ म्हणायची सोय राहत नाही. तुंबतं नेहमी तळमजल्याच्या संडासात, पण येतं वरूनच. खेपांचे पैसे मात्र दुरुस्तीच्या खात्यातून जातात, तेही सचिवाच्या खिशातून आधी आणि व्हाउचर नंतर, आणि हिशेबाच्या वेळी प्रत्येक खेपेवर वाद. खाली मिठाईचं दुकान किंवा हॉटेल असेल तर त्यांचा वाटा वेगळा ठरवा आणि तेलतूप अडवणाऱ्या ग्रीस ट्रॅपची अट घाला. त्यांच्या कढईचं तूप इतरांनी शंभर-शंभर रुपयांत का धुवायचं?

इथपर्यंत तराजू जवळजवळ सारखा होता असं मी म्हणेन. माझ्यापुरता तो झुकला तो गाळावरून.

साधं चेंबर ६० बाय ४५ सेंटिमीटरचं. तळाशी १५ सेंटिमीटर गाळ असेल तर तो ४० लिटर भरतो, म्हणजे साधारण चार घमेली. आठ चेंबरांची तीस-बत्तीस घमेली. खेपेवर आलेला माणूस ही घमेली काढून झाकणाशेजारी ओततो आणि जातो, कारण त्याचा भाव खोलण्याचा होता. सकाळची कचऱ्याची गाडी हा गाळ घेत नाही. सफाईवाला म्हणतो, माझं काम नव्हे, आणि त्याचंही बरोबर आहे. दोन दिवस तो ढीग तिथेच वाळतो, मांजरं उकरतात, मुलांचा चेंडू त्यातच पडतो, वरची काळी साय फाटून आतलं ओलं वर येतं. मग कोणीतरी रात्री पाण्याचा पाइप लावून तो पावसाळी गटारात ढकलतं, आणि ते गटार थेट नाल्याला जातं. किंवा पाऊस येतो आणि ढिगातला निम्मा माल झाकणाच्या फटीतून परत चेंबरात. ज्यासाठी पैसे मोजले तेच परत आत. दर खेपेला ‘गाळाचं काय?’ म्हणून घासाघीस करून मी कंटाळलो. गाळ त्याच दिवशी गाडीत भरून नेण्याची अट खेपेच्या कामात कोणी मनावर घेत नाही. कंत्राटात ती एका ओळीत बसते आणि त्या ओळीवर बिल अडवता येतं. ही अट नसेल तर कंत्राटाला माझ्या लेखी फारसा अर्थ नाही.

आणखी एक बाब आहे, ती आवडीनिवडीची नाही. गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. असा मृत्यू झाला तर भरपाई ३० लाख असावी, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितलं. खेपेवर आलेला माणूस दीड मीटरच्या प्रॉपर्टी चेंबरात ‘दोन मिनिटं’ म्हणून उतरतो तेव्हा त्याला थांबवणं तुमच्यावर येतं. सडक्या अंड्यांचा वास येईनासा झाला म्हणजे चेंबरातला विषारी वायू गेला असं समजू नका; प्रमाण वाढलं की तो आधी नाक बधिर करतो. कंत्राटात ‘चेंबरात माणूस उतरणार नाही, उपसा सक्शन गाडीने’ असं लिहिलं म्हणजे जबाबदारी झटकता येते असं नाही, पण निदान कोणाला काय आधीच बजावलं होतं ते कागदावर राहतं.

कोणतीही रीत घ्या, फोन करण्याआधी झाकणं उघडून बघा. इमारतीकडून रस्त्याकडे चालत जा. भरलेल्या चेंबरानंतर जे पहिलं कोरडं चेंबर लागेल, त्या दोहोंच्या मधे चोकअप आहे. तेवढा एक तुकडा दाखवला की खेपेचा माणूस आठ चेंबरांचा भाव लावू शकत नाही. प्रॉपर्टी चेंबरही काठोकाठ असेल आणि बाहेरचं मेनहोलही भरलेलं दिसत असेल, तर काम आपलं नाहीच. महापालिकेच्या १९१६ या फोन क्रमांकावर तक्रार नोंदवा, तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा, आणि कोणालाही चार पैसे देऊ नका. मोठ्या भरतीच्या वेळी मुसळधार पाऊस असेल तेव्हा तर आतून कितीही ढोसलं तरी पाणी उतरणार नाही. मात्र गच्चीचं पावसाचं पाणी कोणी ड्रेनेजला जोडून ठेवलं असेल तर तो दोष आपला. पावसाळ्यापुरतं चेंबर भरत असेल तर आधी तो पाइप शोधा.

कंत्राटावर सही करण्याआधी आवाराचा एक नकाशा हाताने काढा: चेंबरं किती, त्यांच्या मधली अंतरं, पाइपाचा व्यास, आणि कोणतं झाकण कोणाच्या पार्किंगखाली. शेवटची माहिती सगळ्यात महत्त्वाची. जेटिंगची गाडी सकाळी सातला दारात आणि चार नंबरच्या चेंबरावर उभ्या गाडीचा मालक पुण्याला, चावी त्याच्याकडे. त्या झाकणांवर नंबर रंगवा, फेरीच्या तारखा आठवडाभर आधी लिफ्टपाशी लावा, आणि पेव्हर बसवणाऱ्याने जी दोन झाकणं गाडून टाकली आहेत ती आधी उकरून काढा.