नागपूरचा मे आणि २७.८ अंश: एलएम-सेन्सर्ससोबत दहा महिने

बाहेर ४४, खोलीत कूलर नुसता ओली गरम हवा फेकतोय, आणि स्क्रीनवर लॅपटॉपचा एसीपीआयटीझेड नावाचा तापमानाचा सेन्सर म्हणतोय २७.८. पुन्हा कमांड मारली, २७.८. चहा करून आलो, २७.८. दहा महिन्यांत हा आकडा एका दशांशानेही हललेला नाही. डिसेंबरच्या थंडीतही तेवढाच होता.

एलएम-सेन्सर्स, म्हणजे लिनक्सवर मशीनच्या आतली तापमानं दाखवणारं फुकट सॉफ्टवेअर, टाकलं तेच मुळी लॅपटॉप काम करता करता गचके खायला लागला, मध्येच बंद पडायला लागला म्हणून. जुना, इंटेलच्या आय५-८२५०यू प्रोसेसरचा. दुरुस्तीवाल्याने पाहिलं न पाहिलं आणि निकाल दिला, "भाऊ, बोर्ड गेला. साडेनऊ हजार लागतील." साडेनऊ हजार! म्हटलं, आधी फुकटात काय कळतं ते बघू.

पहिल्या दिवशी २७.८ पाहून मी या सॉफ्टवेअरला एकच तारा दिला असता. नंतर कळलं की बिचाऱ्याचा दोष नाही. तो आकडा बायोसमधल्या, म्हणजे लॅपटॉपसोबत येणाऱ्या मुळातल्या सॉफ्टवेअरमधल्या, एसीपीआय नावाच्या टेबलातून येतो. लॅपटॉप बनवणाऱ्याने तिथे ठरावीक संख्या कोंबून ठेवली, की कर्नल (लिनक्सचा गाभा) तीच वाचणार आणि हे तीच छापणार. तारा कापायचा तर त्यांचा.

खरा माल कोअरटेम्पच्या, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सेन्सर्सच्या, ओळींत. पॅकेजचं, म्हणजे अख्ख्या चिपचं, तापमान, शेजारी हाय १००, क्रिट १००. मला वाटायचं १०० म्हणजे चिप जळाली. तसं नाही. ती टीजे-मॅक्स, म्हणजे कमाल मर्यादा; तिथे पोचली की चिप स्वतःच वेग पाडते. आणि आतला सेन्सर सरळ तापमान सांगतच नाही, मर्यादेपासून किती खाली आहोत ते सांगतो. ड्रायव्हर ते १०० मधून वजा करतो. म्हणून मर्यादेजवळचा आकडा भरवशाचा, गार असतानाचा जरा सैल. एक कोअर (चिपमधला काम करणारा एक भाग) ३१ आणि दुसरा ३४ दिसला म्हणून मी एक अख्खी संध्याकाळ वाया घालवली, तुम्ही घालवू नका.

व्हिडिओ कन्व्हर्टला लावला आणि बघत बसलो. ९१, ९६, ९८. सिसमध्ये, म्हणजे कर्नल आपली माहिती फाइलींच्या रूपात मांडतो त्या फोल्डरमध्ये, प्रत्येक कोअरखाली थ्रॉटल काउंटची फाइल असते, बूट झाल्यापासून किती वेळा वेग पाडला ते मोजणारी. शून्यावरून वीस मिनिटांत चार हजारांवर. डीमेसेजमध्येही, म्हणजे कर्नलच्या नोंदींमध्येही, तीच रड. बोर्ड गेलेला नव्हता, गडी भाजत होता.

झाकण उघडलं. पंख्याच्या तोंडाशी, तांब्याच्या पात्यांवर जुन्या गोधडीतल्या कापसासारखा थर. चिपची उष्णता बाहेर न्यायला मदत करणारी थर्मल पेस्ट वाळून चुना झालेली. ब्रश, स्पिरिट, पेस्टची नवी ट्यूब, सगळे मिळून तीनशेच्या आत. तोच व्हिडिओ, तोच मे, आता ७९ च्या वर जात नाही. काउंट शून्य.

एक तक्रार राहिली. माझी स्क्रिप्ट प्रोसेसरच्या तापमानासाठी एचडब्ल्यूमॉन३ वाचायची, म्हणजे सेन्सरचा तिसऱ्या नंबरचा फोल्डर. रीस्टार्टनंतर हे नंबर बदलू शकतात हे मला ठाऊक नव्हतं. दोन आठवडे मी एसएसडीचं, म्हणजे डिस्कचं, ४२ प्रोसेसरचं समजून खूश होतो. नंबर नको, आतल्या नेम फाइलीतलं नाव वाचा.

एलएम-सेन्सर्सच्या कॉन्फिगमध्ये, म्हणजे सेटिंगच्या फाइलीत, दोन ओळी टाकून २७.८ लपवताही येतो. मी टाकल्या होत्या. परवा काढल्या. दुपारी दोन वाजता घरात निदान कुठेतरी २७.८ दिसलेलं बरं वाटतं.