गोबरगॅस: दीनबंधू घुमट की तरंगती टाकी?

रोज २ घनमीटर गॅस देणाऱ्या संयंत्राला साधारण ५० किलो ताजे शेण आणि तेवढेच पाणी लागते, म्हणजे गोठ्यात चार-पाच मोठी जनावरे हवीत. हा हिशेब दोन्ही प्रकारांना सारखाच. फरक पडतो तो गॅस साठवण्यात.

तरंगत्या टाकीत काल्यावर (शेण-पाण्याच्या मिश्रणावर) तरंगणारा लोखंडी ड्रम गॅस भरला की वर येतो, संपला की खाली बसतो. किती गॅस उरला ते लांबूनच दिसते. दाब ड्रमच्या वजनामुळे कायम राहतो, म्हणून ज्योत एकसारखी. पण पत्रा गंजतो. दरवर्षी खरवडून रंग लावला नाही तर भोके पडतात, आणि ड्रम हाच तर सगळ्यात महाग भाग! ड्रम रोज थोडा फिरवला की काल्यावरची साय फुटते.

दीनबंधू म्हणजे विटा-सिमेंटचा पक्का घुमट, पूर्ण जमिनीखाली. गंजायला काही नाही आणि थंडीत आतली ऊबही टिकते. गॅस साठतो तसा काला बाहेरच्या कुंडीत ढकलला जातो. त्यामुळे दाब कमी-जास्त होतो, शेगडीची हवा जुळवावी लागते. खरी अडचण गवंड्याची. घुमटाच्या गिलाव्याला केसाएवढी चीर राहिली तरी गॅस निसटतो, आणि ती चीर शोधायला टाकी रिकामी करावी लागते. काळ्या मातीत जमीन फुगते-आक्रसते. तिथे खड्ड्याभोवती मुरूम भरा.

सराईत गवंडी मिळत असेल तर दीनबंधूच घ्यावा. पहिला गॅस मात्र दोन्हीकडे पेटवू नका, हवेत सोडून द्या.