रक्ताची बाटली की लोहाचं औषध?

"डॉक्टर, एक बाटली लावूनच टाका की!" कागलहून आलेल्या आजी नातवाची खालची पापणी ओढून पांढरेपणा दाखवतात. हिमोग्लोबिन ७.८, कारण लोहाची कमतरता. पण पोरगं बाकड्यावर उड्या मारतंय.

रक्ताने आकडा काही तासांत वाढतो, खरंय. सोबत ताप, पुरळ, क्वचित फुप्फुसांना त्रासही होऊ शकतो. लोहाचं औषध संथ: आकडा चढायला काही आठवडे, साठा भरायला आणखी दोन-तीन महिने. शी काळी होते, घाबरू नका. दुधाबरोबर मात्र देऊ नका (गंगावेशीच्या कट्ट्यावर धारोष्ण दूध पिणाऱ्या कोल्हापुरात हे सांगणं अवघडच!).

प्रकृती स्थिर असलेल्या मुलाला हिमोग्लोबिन ७ च्या वर असेल तर रक्त सहसा लागत नाही. धाप लागली किंवा जोराचा रक्तस्राव झाला, तर रक्तच. तेही वजन बघून, एरवी किलोमागे १० ते १५ मिली.