‘मायटोकॉन्ड्रिया रिपेअर’ची बाटली: माल बरा, लेबल थापाडं

पाचपैकी दोन तारे, आणि तेही कॅप्सूलच्या आतल्या मालासाठी. कंपनीचं नाव लिहीत नाही. याच धाटणीच्या बाटल्या हल्ली आमच्या नागपुरात धरमपेठेतल्या मेडिकलपासून मानेवाड्यापर्यंत सगळीकडे दिसतात, आणि थापाही त्याच.

अंबाझरीला सकाळी फिरणाऱ्या आमच्या ह्यांच्या कंपूत कुणीतरी ही बाटली दाखवली, आणि बघता बघता ती सगळ्यांच्या घरी पोचली. समोर ठसठशीत अक्षरात ‘मायटोकॉन्ड्रियल डीएनए दुरुस्त करते’. मागे मुंगीएवढ्या अक्षरात ‘औषधी वापरासाठी नाही’. मी ज्युनिअर कॉलेजात बायॉलॉजी शिकवून निवृत्त झालेली बाई, मागचं आधी वाचते.

आत आहे कोएन्झाइम क्यू-१०, थोडं लायपोइक अॅसिड, थोडं बी-३ जीवनसत्त्व. क्यू-१० फालतू नाही हो. मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीतली ऊर्जेची भट्टी; तिच्या आतल्या पडद्यात ते इलेक्ट्रॉन पोचवायचं काम करतं, त्यावर ऊर्जा तयार होते. कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन घेणाऱ्यांच्या रक्तात ते कमी होतं, हेही खरं. पण डीएनएची दुरुस्ती हे खातंच त्याचं नाही.

ते खातं कुणाचं, तेही सांगते. मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए चिमुकला: अक्षरांच्या १६,५६९ जोड्या, ३७ जनुकं. त्यातून प्रथिनं बनतात फक्त १३, आणि ती सगळी ऊर्जेच्या कामाची. दुरुस्तीचं एकही नाही! दुरुस्त करणारी सगळी एन्झाइम्स केंद्रकातल्या जनुकांवरून बनतात आणि बाहेरून आत येतात. ऑक्सिजनच्या उपद्व्यापी रेणूंनी डीएनएमधलं ग्वानिन हे अक्षर बिघडलं, की ओजीजी-१ हे एन्झाइम ते हेरून उपटतं, एपीई-१ तिथे धागा कापतं, पोल-गॅमा योग्य अक्षर भरतं आणि लायगेज-३ सांधा जुळवतं. या प्रकारच्या दुरुस्तीचा माग काढणाऱ्या टोमास लिंडाल यांना २०१५ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, दोघांसोबत वाटून. यातलं एकही एन्झाइम बाटलीत नाही. असतं तरी पोटातच पचलं असतं.

काही बिघाड तर मायटोकॉन्ड्रिया मुळीच दुरुस्त करत नाही. अतिनील किरणांनी डीएनएची शेजारशेजारची अक्षरं एकमेकांना चिकटतात. केंद्रकात तो तुकडा कापून नवा बसवायची सोय आहे, मायटोकॉन्ड्रियात नाही. हे सस्तन प्राण्यांच्या पेशींवर १९७४ सालीच दिसून आलं होतं. म्हणजे मे महिन्यात भर दुपारी बर्डीवर उघड्या डोक्यानं हिंडायचं आणि घरी येऊन ही कॅप्सूल गिळायची, यात काही अर्थ नाही. दुपट्टा बांधा.

मग पेशी करते काय? आपण जुन्या कूलरचं करतो तेच. टाकी फारच सडली की कारागीर बोलवत नाही, भंगारवाल्याला देतो. एका पेशीत या डीएनएच्या शेकडो, कधी हजारो प्रती असतात. दोन्ही धागे तुटलेली प्रत बहुतेक वेळा मोडीतच निघते, आणि ती कुरतडण्यात तोच पोल-गॅमा सामील असतो, जो एरवी अक्षरं भरतो. उरलेल्या चांगल्या प्रतींवरून नव्या काढता येतात. लेबलवाल्याला हे ठाऊक असतं, तर ‘मोडीत काढते’ म्हणून खपवलं असतं.

बाटलीवरच्या हेल्पलाइनला फोन लावला.

‘मॅडम, पेशींना पोषण मिळून डीएनए रिपेअर होतो.’

‘कोणत्या एन्झाइमनं, भाऊ?’

‘मॅडम, सिनियरना देतो.’

मग बासरी वाजत राहिली. पोरगा बिचारा कागद बघून बोलत होता, त्याच्यावर राग नाही.

हे म्हणतात, हलकं वाटतं. वाटू दे बापा! पण बाटलीसोबतच ह्यांनी फिरायचं अंतर वाढवलं आणि रात्रीचं सावजी बंद केलं. नियमित चालण्यानं स्नायूंत नवे मायटोकॉन्ड्रिया बनतात, याला भरपूर पुरावा आहे. त्यामुळे श्रेय कुणाला द्यायचं ते मी तरी बाटलीला देणार नाही.

पॅकिंगला शून्य. कुरिअरनं आलेली दुसरी बाटली उघडली, तर उन्हानं कॅप्सूल एकमेकींना चिकटून लाडू झालेला. उन्हाळ्यात घ्यायचीच असेल तर दुकानातून घ्या. क्यू-१० तेलात विरघळणारं आहे, म्हणून जेवणासोबत घ्यावं, हे मेडिकलवाल्यानं सांगितलं. लेबलवर त्याचा पत्ता नाही. साधं क्यू-१० तेवढ्याच मात्रेचं, हिच्यापेक्षा बऱ्याच कमी किमतीत त्याच्याकडे होतं. पुढच्या वेळी तेच आणणार, तेही डॉक्टर हो म्हणाले तर. आणि रक्त पातळ करायला वॉरफरिन चालू असेल, तर विचारल्याशिवाय हात लावू नका, क्यू-१० मुळे त्याचा असर कमी होऊ शकतो.